दोन रेघांसाठी प्रार्थना

पांडुरंगा, ऐक रे.

सोयाबीन-तुरीच्या मुलखातलं हे आमचं इंझोरी. रात्री लाईन आली की मी इथं एक पान उघडून बसतो. पान माझं नाही. कुणीतरी जगाला फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरची ती माहितीपुस्तिका. ज्याला हवी त्यानं वाचावी, ज्याला चूक दिसेल त्यानं सुधारून पाठवावी. लिहिणाऱ्यांना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांच्या मेहनतीवर माझं रोजचं काम चालतं. तुझे उपकार देवा, आणि त्यांचेही.

माझं काम केवढंसं! ‘पुर्ण झाले’चं ‘पूर्ण झाले’ करायचं. गळालेला अनुस्वार जागेवर ठेवायचा. कालची दुरुस्ती तर रेघेएवढी. कमांडमध्ये लागोपाठ दोन छोट्या आडव्या रेघा हव्या होत्या. लिहिताना संगणकानंच शहाणपणा केला आणि दोहोंची मिळून एक लांब रेघ करून टाकली. वाचणाऱ्याला फरक दिसत नाही. तो कमांड जशीच्या तशी उचलतो, टर्मिनलमध्ये टाकतो, आणि यंत्र अडून बसतं. मग तो बिचारा स्वतःलाच बोल लावतो, हे आपल्याला जमायचं नाही म्हणून लॅपटॉप मिटतो. अशा एखाद्या पोराची रात्र वाचू दे, देवा. मला दुसरं काही नको.

नको म्हणतो खरं, पण तुझ्यापुढं काय लपवायचं? दुरुस्ती मंजूर झाली की मी यादीत आधी आपलं नाव शोधतो. दुसऱ्याची वेलांटी चुकलेली दिसली की आत कुठंतरी बरं वाटतं मला. आणि एक अक्षर सुधारायला गेलेला मी, त्याचं अख्खं वाक्यच माझ्या चवीनं फिरवायला बघतो. आवर मला. हात धर माझा.

एकनाथांना दिलीस ती बुद्धी दे. शके 1212 मध्ये नेवाशाला ज्ञानदेव ज्ञानेश्वरी बोलले, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं. पुढं जवळजवळ तीनशे वर्षं नकलांवरून नकला होत गेल्या आणि पाठ बिघडत गेले. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. एवढा मोठा कवी, भागवतावर लिहिणारा! पण ज्ञानदेवांच्या बोलात आपली ओवी मिसळली नाही. काय केलं ते शेवटी थोडक्यात नोंदवलं आणि पुढं कुणी यात ओवी घालू नये असं बजावलं. (आम्ही ज्याला कमिट मेसेज म्हणतो, तो यापेक्षा चांगला मी वाचलेला नाही.) त्यांची विद्वत्ता मला झेपायची नाही. तेवढा संयम दे.

त्यांच्याच घरी तू श्रीखंड्या होऊन राहिलास म्हणतात. पाणी वाहिलंस, गंध उगाळलंस, आणि बारा वर्षं कुणाला कळू दिलं नाहीस. लहान कामाचं तुला मी काय सांगावं?

लाईन टिकू दे. नेट टिकू दे. डोळे शाबूत ठेव.

ती दोन रेघांची दुरुस्ती पाठवली आहे, अजून कुणी पाहिलेली नाही. ज्याच्या हाती मंजुरी आहे तोही दिवसभर पोटाचं काम करून रात्री हेच करत बसतो, वर लोकांची बोलणी खातो. त्याला आज चार घटका झोप लागू दे. माझ्या आधी त्याचं बघ, विठ्ठला.