झुडपाखाली बसलेला एलिया



आजच्या पहिल्या वाचनातील एलिया संदेष्टा ओळखू येत नाही. कर्मेल डोंगरावर बआलच्या 450 संदेष्ट्यांसमोर एकटा उभा ठाकलेला हाच तो वीर. आणि लगेच पुढच्या अध्यायात, राणी ईजबेलची धमकी ऐकून तो पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे चक्क मरण मागतो.

देव त्याला रागावत नाही. 'कालच तर एवढा चमत्कार दाखवला, तुझी श्रद्धा कुठे गेली?' असे विचारत नाही. तो त्याला झोपू देतो. देवदूत येऊन गरम भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवतो. एलिया खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा उठवला जातो. चाळीस दिवसांनी होरेब पर्वतावर देव त्याला विचारतो की तू इथे कसा? आणि त्याची तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेतो. एकदा नाही, दोनदा.

हे वाचन मी अनेक वर्षे समजावून सांगत आलो आहे. पण मला ते समजले होते का, अशी शंका दोन वर्षांपूर्वी आली. एक आई चर्चच्या ऑफिसात आली होती. (तिने परवानगी दिली म्हणून लिहितो.) मुलगा दहावीत. जेवत नाही, रात्र रात्र जागा असतो, दार लावून बसतो. मी घाईत होतो. घरी रोज जपमाळ करा, त्याला रविवारी मिस्साला आणा, सगळे ठीक होईल, असे सांगून मी तिला आशीर्वाद दिला. मुलगा शाळेतल्या समुपदेशक बाईंकडे जाऊ लागला होता आणि त्याला पाठवावे की नाही एवढेच ती विचारायला आली होती. तो प्रश्न तिच्या ओठावर होता, मी तो येऊच दिला नाही. फादर तर प्रार्थनाच सांगतात, असे समजून तिने त्याला तिकडे पाठवणे बंद केले. तीन आठवड्यांनी मी त्या मुलाला हॉस्पिटलात भेटलो. देवाच्या दयेने तो वाचला.

जपमाळ सोडा असे मी म्हणत नाही. पण तापाने फणफणलेल्या लेकराला आपण प्रार्थनाही करतो आणि डॉक्टरकडेही नेतो. मग मन आजारी पडले तरच श्रद्धेची परीक्षा का? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनसने दुःखावर सांगितलेले उपाय आम्ही वाचले होते. सत्याचे चिंतन त्यात आहेच, पण त्याबरोबर रडणे, मित्राची सहानुभूती, झोप आणि आंघोळ हेही आहे! तेव्हा आम्ही वर्गात हसलो होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही 1965 साली सांगितले की मेंढपाळाच्या कामात मानसशास्त्राचा उपयोग करून घ्यावा.

शाळेतला मानसशास्त्रज्ञ 'वेड्यांचा डॉक्टर' नव्हे. हुशार असूनही ज्याला अक्षरे नीट वाचता येत नाहीत, त्याची अडचण बहुधा तोच प्रथम ओळखतो. रीतसर तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाले तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. एरवी त्या मुलाला आपण वर्षानुवर्षे आळशी म्हणून बडवत राहतो. बाप दारू पितो म्हणून गप्प झालेली मुलगीही त्याच खोलीत तोंड उघडते.

आणि इथेच आपले चुकते. मूल बाहेर आले की 'काय सांगितलेस? घरचे काही बोललीस का?' अशी उलटतपासणी सुरू होते. शिक्षकही 'थांब, तुला बाईंकडेच पाठवते' असे शिक्षा केल्यासारखे बोलतात. पापनिवेदनाची गुप्तता आपण प्राणपणाने जपतो. समुपदेशकाची गुप्तता तितकी निरपवाद नसते. मुलाच्या जिवाला धोका दिसला तर पालकांना सांगणे त्याचे कर्तव्यच आहे. बाकीचे मात्र त्या मुलाचे आहे, ते त्याच्यापाशी राहू द्या.

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी निर्देश दिले की 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असावा. आपल्या शाळेत बाई आठवड्यातून दोनच दिवस येतात आणि त्यांची खोली मुख्याध्यापकांच्या दाराला लागून आहे. आत कोण गेले ते सगळ्या शाळेला दिसते. शाळेचा मॅनेजर या नात्याने हा दोष माझा. खोली आता वाचनालयामागे हलवत आहोत. पूर्णवेळ नेमणुकीसाठी पगाराचा प्रश्न आहे. तो पुढच्या पॅरिश कौन्सिलमध्ये मांडणार आहे. सणाच्या मंडपावरचा खर्च थोडा कमी करू या, असे मी सुचवले तर रागावू नका.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर बाई हॉलमध्ये पालकांना भेटतील. नाव नोंदवायची गरज नाही. रात्री-अपरात्री कुणाला मदत लागली तर सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते. माझेही दार उघडे आहे. या वेळी मी आधी ऐकेन.

तुमचा,
धर्मगुरू