वेशीच्या आतला उपरा

रविवारची उपासना आटोपून घरी परतलं की मराठी ख्रिस्ती घरात मटणाची तयारी सुरू होते. विसाव्यावरचं प्रवचन ऐकून आलेला घरधनी पंख्याखाली आडवा होतो. तेच प्रवचन ऐकून आलेली त्याची बायको मिक्सरवर वाटण फिरवत असते. शब्बाथ दोघांनी ऐकला. वाट्याला आला एकाच्या.

दहा आज्ञांमध्ये शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवशी विसावा घेण्याची, आज्ञा तशी ऐसपैस आहे. खून, चोरी, व्यभिचार यांचा निकाल दोन-तीन शब्दांत लागतो. इथे मात्र चक्क यादी आहे : तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरा. यांतल्या कोणीच सातव्या दिवशी काम करायचं नाही. यादीत बायको नाही. ‘तू’ म्हटलं की त्यात तीही आली, असं भाष्यकार सांगतात. घरोघरचा रविवार पाहिला की वाटतं, ती यायची राहूनच गेली.

आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते आणि दोन्ही वेळा कारण निराळं आहे. निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात कारण सृष्टीचं : देवाने सहा दिवसांत जग घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कारण गुलामीचं : तूही मिसरात दास होतास, तेव्हा तुझ्या दासालाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. फारोसाठी विटा पाडणाऱ्यांनी सुट्टी कधी पाहिली नव्हती. त्या गुलामीतून सुटलेल्या माणसाच्या हाताखाली उद्या चाकर येतील आणि तोही छोटा फारो होईल, ही धास्ती या आज्ञेत आहे. थकलेल्याला बस म्हणण्याआधी ती हुकूम सोडणाऱ्याला थांब म्हणते.

आज ख्रिस्ती लोकांत शब्बाथाची नव्याने चर्चा होते ती बहुधा पहिल्या कारणापुरती. मोबाइल बंद ठेवा, ऑफिसचे मेल उघडू नका, देवाजवळ निवांत बसा. सल्ला चांगलाच आहे. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ आजही नेमाने पाळतात. पण मोबाइल बंद करण्याआधी त्यावरूनच दुपारची बिर्याणी मागवली असेल, तर विसावा कोणाचा आणि दगदग कोणाची, हे विचारायला हवं.

हा पेच अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. टपाल खात्याने अ‍ॅमेझॉनची पार्सलं रविवारीही पोचवायला घेतली. पेन्सिल्वेनियातल्या एका इव्हँजेलिकल टपाल कर्मचाऱ्याने रविवारी काम करायला नकार दिला आणि अखेर नोकरी सोडली. 2023 साली न्यायाधीशांनी एकमताने ठरवलं की, अशी सवलत नाकारायची तर धंद्यावर मोठा बोजा पडतो हे मालकाने दाखवलं पाहिजे. निकाल श्रद्धेच्या बाजूचा म्हणून गाजला. मात्र त्या कर्मचाऱ्याच्या रविवारच्या फेऱ्या सहकाऱ्यांच्या गळ्यात पडत होत्या, हाही त्याच खटल्याचा भाग होता. यादीतल्या एकाने आज्ञा पाळली की तिचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर जातं. एकट्यादुकट्याने शब्बाथ पाळण्यातली ही अडचण आहे.

एरिक लिडेलची गोष्ट ख्रिस्ती घरांत मुलांना सांगतात. 1924च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून हा स्कॉटिश धावपटू त्या शर्यतीत उतरला नाही. चारशे मीटर धावला आणि 47.6 सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. गोष्ट इथे संपवतात. पुढे तो मिशनरी होऊन चीनमध्ये गेला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला वेइशियनच्या छावणीत डांबलं. तिथेही रविवारी खेळ नकोत, असंच त्याचं म्हणणं होतं. कोंडलेल्या मुलांनी मात्र रविवारी आपली आपण हॉकी मांडली आणि पंच नसल्याने खेळाची मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडेल पंच म्हणून मैदानात उभा होता. 1945 साली तो त्या छावणीतच वारला. ऑलिंपिकपुढे न वाकलेला माणूस मुलांसाठी वाकला. मला पॅरिसपेक्षा हा रविवार मोठा वाटतो. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, ही येशूची शिकवण त्याला त्या मैदानात पुन्हा भेटली असावी.

आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना सुट्टीचा रविवार मिळाला तो 10 जून 1890 रोजी. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधकाची काही वर्षांची झुंज होती. साहेबाचा रविवार चर्चसाठी राखलेला होता. त्याच साहेबाच्या राज्यात गिरणीतला माणूस सातही दिवस राबत होता. अनुवादातलं दुसरं कारण इथे पुढे रेटलं ते ख्रिस्ती नसलेल्या माणसाने, खंडोबाचा वार म्हणून रविवारची सुट्टी मागणाऱ्या कामगारांसाठी.

म्हणून शब्बाथ पाळायचा तर तयारी शनिवारीच करावी लागते. सगळ्यांनी मिळून वाटण करून ठेवायचं, रविवारी शिळं चालवून घ्यायचं, कामवालीला पगार न कापता सुट्टी द्यायची. परिचारिकेला, बसचालकाला रविवार मिळत नाही. त्यांच्या वाट्याला दुसरा एखादा वार यावा म्हणून बोलायचं. आणि सोसायटीच्या फाटकाशी वहीत नाव लिहून, पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन जिना चढणारा तो पोरगा? तोच वेशीच्या आतला उपरा. यादीत त्याचं नाव तीन हजार वर्षं शेवटी आहे. या रविवारी त्याला बोलवायचं नाही, एवढं तर जमेल. पण त्या दिवशीची त्याची कमाई बुडते, तिचं काय करायचं, ते मात्र आपल्याला सोमवार ते शनिवार बसून ठरवावं लागेल.