तळ्यावरचं प्रेम

कोल्हापुरात कपिलतीर्थाला जायचं ते भाजी आणायला. तिथे आता तीर्थ नाही, मंडई आहे. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. पावसाळ्यात तिथे पाणी साठलं की लोक वैतागतात. पाणी आपल्या जुन्या जागी येतं, इतकंच. बुजवलेल्या तळ्यांबाबत निदान बोट दाखवता येतं: कुणीतरी भराव टाकला, कुणीतरी टाकू दिला. माझा प्रश्न रंकाळ्याबद्दल आहे. त्याला कुणी बुजवलं नाही. उलट शहराने त्याच्यावर भरभरून प्रेम केलं. संध्याकाळचं फिरणं, काठावरची भेळ, पाणी उतरलं की उघडा पडणारा संध्यामठ. तरीही त्यावर केंदाळ पसरतं, पाणी हिरवं पडतं, वास सुटतो. मग हे प्रेम कुठे कमी पडतं?

पूर्वीचे लोक तळ्याशी फार सोवळ्याने वागत, असं मला वाटत नाही. म्हशी धुतल्या जात, कपडे आपटले जात. पण घाण करणारा स्वतः त्याच पाण्यात उभा असे. पाणी बिघडलं तर आधी त्यालाच कळे, आणि शेजारचा त्याला हटकेही. कृती आणि परिणाम यांत हातभराचं अंतर होतं.

घरात नळ आला, मोरी गटाराला जोडली गेली आणि ते अंतर वाढलं. नाल्यांतून तळ्यात उतरणाऱ्या सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस शेवाळाला खत होतो. शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. या साखळीत मारेकरी सापडत नाही. भांडी घासताना तळं कुणाच्या मनात नसतं; तोच माणूस संध्याकाळी काठावर हळहळतो. त्याला ढोंगी म्हणणं सोपं आहे, पण त्याची हळहळ खरीच असते.

‘माझ्या एका बादलीने काय होणार?’ याला उत्तर देणं अवघड आहे, कारण एका बादलीने खरंच काही होत नाही. म्हणूनच इथे एकेकट्याचा चांगुलपणा पुरत नाही. हटकणारा शेजारी गेला. त्याची जागा सांडपाणी प्रक्रिया केंद्राने, आणि ते चालू आहे का हे नगरसेवकाला पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या नागरिकांनी घ्यायला हवी. हे काम कंटाळवाणं आहे. पण आपल्या मोरीचं पाणी कुठे जातं हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तळ्याचा देखावा आवडतो, एवढंच म्हणता येईल. त्याला प्रेम म्हणायला मी कचरतो.