बेर्तँच्या लेकीची बाजू

लुव्रमधल्या एका व्यक्तिचित्रावरून माझी आणि माझ्या लेकीची नेहमी जुंपते. मी पोटासाठी व्यक्तिचित्रं करत आलो, ती कलेचा इतिहास शिकवते. चित्र फ्रेंच चित्रकार अँग्रचं, 1832 सालचं. 'जुर्नाल दे देबा' या पॅरिसमधल्या वजनदार वर्तमानपत्राचे मालक लुई-फ्राँस्वा बेर्तँ, वय साठीच्या पुढे, काळ्या कोटात खुर्ची भरून बसलेत. घरच्यांना ते रुचलं नाही. आपल्या खानदानी वडिलांचा अँग्रने लठ्ठ शेतकरी करून टाकला, अशी त्यांची संगीतकार मुलगी लुईझ हिची तक्रार होती, असं सांगतात.

लेक : बाबा, मी लुईझच्या बाजूची. तिने वडील जन्मभर पाहिले, अँग्रने काही बैठकांत. मग खरा चेहरा कुणाला माहीत?

मी : अगं, पण त्या बैठकांत काय झालं ते बघ. आधी त्याने बेर्तँना उभं करून पाहिलं, तसं रेखाटनही आहे. काही केल्या जमेना, गडी रडकुंडीला आला. मग एकदा गप्पा चालू असताना बेर्तँ मांड्यांवर हात रोवून बसलेले दिसले आणि चित्र सापडलं. ती बसायची ढब त्यांचीच, अँग्रने लादलेली नाही.

लेक : लादली नाही, पण निवडली त्यानेच. माणूस दिवसभरात शंभर तऱ्हांनी बसतो. त्यातली एकच कायमची करायची, हा अधिकार चित्रकाराला कुणी दिला? घरच्यांना विचारायचंही नाही?

मी : निवड केल्याशिवाय चित्र होतच नाही. ती किती बघून केली, एवढंच विचारायचं. या चित्रात उजवा-डावा डोळा सारखा नाही. ओठांचा एक कोपरा वर, दुसरा खाली, त्यामुळे त्याच चेहऱ्यावर थोडं हसू आहे आणि थोडी जरबही. बोटं फाकलेली, नखं मांडीत रुतल्यासारखी. खुर्चीच्या गुळगुळीत हातावर चित्राबाहेरच्या खिडकीचा उजेड चमकतो. नेपोलियनच्या काळात कैद भोगलेला, वर्तमानपत्र हातचं जाऊन परत मिळवलेला माणूस असाच बसणार. त्याला सरदारी रुबाब चढवला असता तर हे सगळं पुसलं गेलं असतं.

लेक : पटलं. मग हाच न्याय अँग्रने बायकांना का लावला नाही? लंडनच्या नॅशनल गॅलरीतली मादाम म्वातेसिए बघा. आधी तो हे काम घ्यायलाच तयार नव्हता, तिचं रूप पाहून तयार झाला. 1844 मध्ये सुरुवात, 1856 मध्ये शेवट. गालाला टेकवलेली बोटं अशी मऊ, जणू आत हाडच नाही. मागच्या आरशात तिचा चेहरा एका बाजूने दिसतो, तो तिथे तसा दिसूच शकत नाही. आणि तो हात कुठून आणला? हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन शहरातल्या भित्तिचित्रातल्या देवतेकडून!

मी : त्या काळच्या चित्रकारांची तालीमच तशी होती. आधी प्राचीन पुतळ्यांचे साचे गिरवायचे, मग जिवंत माणूस. अकादमीत इतिहासचित्राचा मान पहिला, व्यक्तिचित्र त्याच्या खाली. अँग्रलाही व्यक्तिचित्रं म्हणजे मोठ्या कामातला अडथळाच वाटे. साध्या चेहऱ्यात देवता आणली की त्याला ते काम आपल्या योग्यतेचं वाटत असणार.

लेक : म्हणजे पुरुष समोर बघून काढायचा आणि बाई भिंतीवरून.

मी : थांब. मग तू लुईझची वकिली कशी करतेस? तिलाही वडिलांची देवताच करून हवी होती की.

लेक : नाही बाबा. तिला तिचे वडील हवे होते. चूक झाली असेल तर एवढीच, की घरातला माणूस आणि जगापुढचा माणूस एकाच कॅनव्हासवर मागितला. मादामला तर तक्रार करायलाही जागा ठेवली नाही. काम सुरू झालं तेव्हा ती 23 वर्षांची, संपलं तेव्हा 35 ची. चेहऱ्यावर त्यातलं एकही वर्ष नाही. आणि अँग्रने सहीबरोबर स्वतःचं वय मात्र लिहून ठेवलं : 76.

मी : तो रेशमी झगा, ती फुलं, तो रंगाचा थाट माझ्या हातून सात जन्मांत व्हायचा नाही. तरीही तुझं म्हणणं खरं. बेर्तँना पाहिल्यावर त्यांच्याशी बोलावंसं वाटतं, मादामकडे नुसतं बघत राहावंसं वाटतं. व्यक्तिचित्र म्हणून बेर्तँच मोठं. लुईझला ते आवडलं नाही, तरी मोठं.

लेक : आणि तुम्हाला कुणी घरच्यांनी त्यांच्या आईचं चित्र करायला सांगितलं, वर सुरकुत्या जरा कमी करा म्हणाले, तर?

मी : त्यांचं सगळं ऐकून घेईन. आई कशी हसते, कशी बसते, कशावर चिडते, तेही विचारेन. सुरकुत्या मात्र पुसणार नाही. पटत नसेल तर त्यांनी खुशाल दुसरा चित्रकार बघावा.