शंकरपट आणि कर्तेपणाचा प्रश्न

शर्यत जनावर जिंकते आणि इनाम मालक नेतो, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की त्या विजयाचा कर्ता कोण, हा प्रश्न सहसा कोणी उपस्थित करीत नाही. मिरचीसाठी नावाजलेल्या भिवापूरच्या परिसरासह पूर्व विदर्भात पिके निघाल्यावर शंकरपट, म्हणजे हलक्या छकड्याला जुंपलेल्या बैलजोड्यांच्या शर्यती, भरतात. जोडी धावते, धुरकरी कासरे सांभाळतो, निकाल सेकंदांवर लागतो, आणि रात्री त्याच गावात झाडीपट्टीचे नाटक रंगते.

रूढ धार्मिक मतानुसार पशू भोगयोनीत जन्मतो, म्हणजे पूर्वकर्माचे फळ भोगून संपवणे एवढेच त्याच्याकडे असते आणि नवे पापपुण्य त्याच्या खात्यावर चढत नाही. पशूलाही सुखाची इच्छा असते हे पूर्वमीमांसेला ठाऊक होते, तरी वेदाचे ज्ञान नाही म्हणून यज्ञाचा अधिकार, म्हणजे विधी करून त्याचे फळ मिळवण्याची पात्रता, तिने त्याला नाकारली. जैन मत अधिक उदार आहे: मन असलेला पंचेंद्रिय तिर्यंच, म्हणजे पशू वा पक्षी, श्रावकाप्रमाणे अंशतः व्रत पाळण्याच्या पाचव्या गुणस्थानापर्यंत, म्हणजे आत्मोन्नतीच्या पायरीपर्यंत, पोचू शकतो असे ते मानते. गृहस्थाच्या अहिंसाव्रतातील पाच अतिचार, म्हणजे दोष, जैन मताने सांगितले ते असे: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि दाणापाणी रोखणे. पाचही गोठ्यातच घडण्याजोगे आहेत, हे काही योगायोगाने झाले नसावे.

शर्यतीत जनावराचा स्वतःचा वाटा कुठे दिसतो, याचे एक उदाहरण घोड्यांच्या शर्यतीत सापडते. जपानचा उश्बा तेसोरो हा घोडा आधी हिरवळीवर धावला तेव्हा फारसा चमकला नाही. 2022 मध्ये त्याला मातीच्या धावपट्टीवर आणल्यावर त्याने त्याच वर्षी तोक्यो दाइशोतेन आणि मार्च 2023 मध्ये दुबई वर्ल्ड कप जिंकला. बदलाचा निर्णय माणसांचा, पण माती मानवली ती घोड्याच्या पायांना. तेव्हा कर्तेपण अगदीच नाकारता येत नाही. मात्र ते विजयात शोधणे सोयीचे आहे, कारण त्यात मालकाचा लाभ असतो; खरी कसोटी नकाराची आहे. ऐन धावेत थबकणारा किंवा जू टाकून बसणारा बैल आपली इच्छा स्वच्छ सांगत असतो, आणि भोगयोनीचा सिद्धान्त मानणारे लोक नेमके त्यालाच ‘अडेल’ ठरवून दोष देतात, म्हणजे नकळत त्याला कर्ता मानतात.

सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी बैलांच्या शर्यती बेकायदा ठरवताना पशूच्या प्रतिष्ठेचा आधार घेतला होता. 18 मे 2023 रोजी घटनापीठाने या शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा दुरुस्ती कायदा वैध ठरवला, पण पशूंना मूलभूत हक्क देण्याचे पाऊल उचलले नाही. मीमांसेतला अधिकाराचा वाद असा वेगळ्या वेशात परतला. हक्क न देताही नियमांनी काठी, चाबूक व विजेचा धक्का यांना मनाई केली आहे; ती पाळली गेली, तर थांबलेल्या बैलापुढे धुरकऱ्याकडे हाळी आणि कासरा एवढेच उरते, आणि तो बैल उभाच राहिला तर पुढच्या पटाआधी त्याला बहुधा बाजार दाखवला जातो.