निजलेल्या लेकराचा हिशेब



मागील हिवाळ्यात असरच्या नमाजनंतर एक गृहस्थ आपल्या सात वर्षांच्या मुलाचा हात धरून माझ्याकडे आले. सहनात आणखी आठ-दहा नमाजी बसलेले होते. "मौलाना, हा रोज रात्री अंथरूण ओले करतो. एखादा तावीज द्या," असे त्यांनी सर्वांदेखत सांगितले. कोणीतरी हसले. मुलगा फरशीकडे पाहत सदऱ्याचे शेवटचे बटण लावत होता, काढत होता, पुन्हा लावत होता. मी दोघांना हुजऱ्यात नेले. तावीज दिला नाही. त्या दिवशी जे बोललो ते आपल्याशीही बोलावेसे वाटते, कारण ज्या घरात हा प्रश्न असतो तेथे तो बहुधा पहाटेच्या आरडाओरडीतूनच प्रकट होतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा की, तीन जणांवरून लेखणी उचललेली आहे : झोपलेला माणूस जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि बुद्धी हरपलेला माणूस शुद्धीवर येईपर्यंत. अंथरूण भिजवणारे लेकरू या तिघांपैकी दोहोंत मोडते. ते मूल आहे आणि ते झोपलेले आहे. त्याच्या नावावर फरिश्ते काही लिहीत नाहीत. लिहितो आपण. काल केलेस, परवा केलेस, ईदच्या रात्री मामूंच्या घरी केलेस, हा सारा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो.

काही घरांत याहून कठोर गोष्ट घडते. लघवीच्या शिंतोड्यांबाबत निष्काळजी राहिल्यामुळे कबरीत शिक्षा भोगणाऱ्या माणसाची हदीस मुलाला ऐकवली जाते. हदीस सहीह आहे, हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी ती कथन केली आहे. परंतु ती जाग्या, जाणत्या माणसाच्या बेपर्वाईविषयी आहे. सात वर्षांच्या मुलाला ती अंथरुणात सांगणे म्हणजे धर्माच्या नावाने त्याची झोप हिरावून घेणे होय. जे त्याच्या हाती नाही त्यासाठी त्याला कबरीचे भय कोणत्या अधिकाराने घालावे? मनुष्याच्या शक्तीपलीकडचे ओझे अल्लाह त्याच्यावर टाकत नाही, हे सूरह बकराच्या अखेरीस आपण वाचतो.

आता दुसरे चित्र पाहा. एक खेडूत अरब मस्जिदे नबवीत आला आणि तेथेच एका कोपऱ्यात लघवीला बसला. लोक धावून गेले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले, त्याचे पुरे होऊ दिले आणि त्या जागी बादलीभर पाणी ओतायला सांगितले. मग त्याला सौम्य शब्दांत मशिदीचे पावित्र्य समजावले. तो तर प्रौढ होता आणि जागा होता! उम्मे कैस (रजि.) आपले तान्हे बाळ घेऊन आल्या तेव्हा त्या बाळाने प्रेषितांच्या मांडीवरच लघवी केली. त्यांनी पाणी मागवून कपड्यावर टाकले. हनफी मसलकात अशा बाळाचीही लघवी धुवावीच लागते, तो मसला कायम आहे. मात्र दोन्ही प्रसंगांत पाणी आले, राग आला नाही.

येथे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. नऊ वर्षांचा असताना मी घरापासून दूर एका मदरशाच्या वसतिगृहात होतो आणि माझीही चटई भिजत असे. इतर मुलांच्या आधी उठून ती लपवण्याच्या भीतीने मला धड झोपही लागत नसे. तेथील स्वयंपाकघरात काम करणारे एक वृद्ध चाचा होते. त्यांना केव्हा कळले, मला माहीत नाही. ते तहज्जुदला उठत तेव्हा माझा अंगठा हळूच दाबत आणि कंदील घेऊन मला बाहेर नेत. कधी उशीर झालेला असे. मग ते चटई उचलून नेत आणि आपली घोंगडी माझ्या अंगावर टाकत. वर्षभर त्यांनी कोणाजवळ शब्द काढला नाही. जो दुसऱ्याचे उणे झाकतो त्याचे उणे अल्लाह कियामतच्या दिवशी झाकेल, ही हदीस मी पुढे किताबात वाचली. तिचा अर्थ मला आधीच ठाऊक होता.

बालरोगतज्ज्ञांचे म्हणणेही समजून घेऊ. पाच वर्षांपर्यंत याला आजार मानतच नाहीत. त्या वयाच्या 100 मुलांपैकी सुमारे 15 मुलांचे अंथरूण भिजते, आणि अशा मुलांपैकी साधारण 15 टक्के दरवर्षी आपोआप कोरडी राहू लागतात. मुलींपेक्षा मुलग्यांत हे अधिक आढळते. रात्री मूत्र कमी तयार व्हावे यासाठी शरीरात एक संप्रेरक स्रवते. काही मुलांत ते अद्याप पुरेसे नसते, आणि मूत्राशय भरल्याची खूण गाढ झोपेत पोहोचत नाही. आई किंवा वडिलांपैकी एकाला बालपणी हा त्रास असल्यास मुलालाही तो होण्याची शक्यता बरीच वाढते. त्या गृहस्थांना मी हे सांगितले तेव्हा ते गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "माझी अम्मी मला दारात उभे करायची."

उपाय दिवसापासून सुरू होतात. शाळेतले शौचालय घाण म्हणून पुष्कळ मुले दिवसभर पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात आणि संध्याकाळी घरी येऊन घटाघट पितात. म्हणून पाणी सकाळी व दुपारी भरपूर द्यावे, मगरिबनंतर कमी. तहानलेले मात्र ठेवू नये. रात्रीचा चहा बंद. रमजानमध्ये तरावीहनंतर चालणारे सरबताचे पेले लहानांना नकोत. बद्धकोष्ठतेकडे कोणाचे लक्षच जात नाही, पण भरलेले आतडे मूत्राशयावर दाब आणते. बिस्किटे आणि पाकिटातले खारे पदार्थ कमी करून ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू द्यावेत. निजण्यापूर्वी वुजू करणे ही सुन्नत आहे. त्या वुजूच्या आधी एकदा आणि दिवा मालवण्यापूर्वी पुन्हा एकदा मुलाला शौचालयात पाठवावे. आपल्याकडे अनेक घरांत ते अंगणाच्या टोकाला असते. डिसेंबरच्या थंडीत, अंधारात मूल एकटे जाणार नाही. तेथे दिवा लावा, सोबत जा.

रात्री उठवून नेल्याने अंथरूण वाचते, सवय मात्र त्याने मोडत नाही, हेही लक्षात असू द्या. चाचांनी माझी अब्रू वाचवली. बरा मी माझ्या वेळेनेच झालो. सात वर्षांनंतरही त्रास राहिला तर डॉक्टरांकडे जावे. ओलावा लागताच वाजणारे एक लहान यंत्र मिळते, ते दोन-तीन महिने चिकाटीने वापरल्यास पुष्कळ मुलांना गुण येतो, औषधेही आहेत. सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा भिजवू लागले, लघवीला जळजळ झाली, दिवसाही कपडे ओले होऊ लागले, किंवा तहान फार वाढून वजन घटले, तर थांबू नये. यातले शेवटचे लक्षण मधुमेहाचे असू शकते. दुआ जरूर करावी, पण दुआ करून घरी बसू नये.

राहिला पाकीचा प्रश्न. आपला मुलूख कापसाचा, गाद्याही कापसाच्याच. भिजली की कापसाचे गोळे होतात आणि पिंजाऱ्याकडे पुन्हा पिंजायला द्यावी लागते. चादरीखाली मेणकापड घालावे, म्हणजे रोज फक्त चादर आणि कपडे धुण्याचे काम उरते. गादीच भिजली तर तीन वेळा पाणी घालून, दर वेळी निथळू देऊन ती पाक करता येते. तोवर ती वाळलेली असेल तर कोरड्या कपड्यांनी तिच्यावर निजल्याने कपडे नापाक होत नाहीत, आणि वर जाड पाक कापड अंथरून नमाजही होते. मातांनी यापायी फजर सोडू नये.

ते गृहस्थ गेल्या महिन्यात भेटले. मेणकापड आणले आहे. ओली चादर मुलगा स्वतः काढून बादलीत टाकतो, कोणी काही बोलत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा अजूनही भिजते. मकतबमध्ये तो आता पहिल्या रांगेत बसतो, आणि सदऱ्याची सगळी बटणे लावलेली असतात.