दार वाजवून पळणारे

आटपाट नगर होतं. नाव न्यूयॉर्क. तिथे पॅनिक्स नावाची कंपनी लोकांना इंटरनेट पुरवी. १९८९ साली सुरू झालेली, म्हणजे या धंद्यातली जुनीजाणती. तिच्याकडे बरेच सर्व्हर राबत. त्यांतल्याच एका सर्व्हरची ही गोष्ट.

सर्व्हर स्वभावाने सज्जन. इंटरनेटवर जोडणी जुळवायची टीसीपीची रीत तो काटेकोर पाळी. पाहुणा म्हणे, “जोडणी हवी, माझा आकडा अमुक.” सर्व्हर सांगे, “तुमचा पोचला. हा घ्या माझा.” पाहुणा म्हणे, “तुमचाही पोचला.” मग कामाचं बोलणं. तीन निरोपांची ही रीत उगाच नव्हती. जाळ्यात निरोप हरवतात, रेंगाळतात, एकाचे दोन होतात. काल कुठेतरी अडकलेला निरोप आज उगवला, तर त्याला नवा पाहुणा समजून फसू नये, म्हणून दोघांनी एकमेकांचे आकडे परत म्हणून दाखवायचे. ही रीत बसवण्यात रे टॉमलिन्सन यांचा मोठा वाटा. ई-मेलच्या पत्त्यात ‘अ‍ॅट’चं चिन्ह आणणारे तेच.

रीतीत एक जागा मात्र कच्ची होती. दुसरा निरोप धाडल्यावर तिसरा येईपर्यंत सर्व्हरने पाहुण्याचं नाव स्मरणात धरून थांबायचं. त्या काळी अनेक यंत्रांवर हे वाट पाहणं सुमारे ७५ सेकंद चाले, आणि अशा अर्धवट ओळखींची रांग अगदीच तोकडी असे. रीत ठरवणारे सगळे एकमेकांच्या ओळखीचे संशोधक. दार वाजवणारा आत येणारच, असं त्यांनी धरलं तर नवल नाही.

६ सप्टेंबर १९९६. पॅनिक्सच्या दारांवर थापांचा भडिमार सुरू झाला. प्रत्येक थाप खोट्या पत्त्यावरून. पत्ता खोटा पण चालू यंत्राचा असता, तर त्या यंत्राने “मी नव्हे हो” असं कळवलं असतं आणि रांगेतली जागा सुटली असती. म्हणून असल्या खोडीसाठी पत्ते निवडतात ते जिथे कोणी राहतच नाही असे. सर्व्हर आपला प्रत्येकाला उत्तर देतोय, नाव धरून ठेवतोय, थांबतोय. रांग भरली. खरे पाहुणे बाहेरच्या बाहेर परतले. चोरी नाही, मोडतोड नाही. सौजन्यानेच सर्व्हरला जखडून टाकलं.

सल्लागार जमले. एक म्हणाला, “रांग वाढवा.” वाढवली, तर थापाही वाढवता येतात. दुसरा म्हणाला, “कमी थांबा.” मग दूरचे, मंद लाइनवरचे खरे पाहुणेच आधी हुकणार. दोन्ही सल्ले उपयोगाचे, पण रोगाला हात न लावणारे.

तिसरा तोडगा डॅनियल बर्नस्टीन या गणितज्ञाचा. नाव स्मरणात ठेवूच नका.

सर्व्हर चपापला. “मग तो परत आला की ओळखू कसा?”

ओळख त्याच्याच हाती द्यायची. सर्व्हर एरवीही ३२ बिटांचा एक आकडा पाठवतोच. तो आता पाहुण्याचा पत्ता, वेळ आणि स्वतःपुरतं एक गुपित घोटून बनवायचा, पाठवायचा आणि विसरायचा. खरा पाहुणा त्यात एक मिळवून तो परत आणतो. सर्व्हर एक वजा करतो, हिशेब पुन्हा मांडतो. जुळला की मगच जागा देतो. खोट्या पत्त्यावर धाडलेलं उत्तर खोडसाळाच्या हाती लागतच नाही, मग आकडा आणणार कुठून?

हे फुकट झालं नाही, आणि होतही नसतं. पाहुण्याने पहिल्या निरोपात सांगितलेल्या बारीकसारीक अपेक्षा त्या आकड्यात मावत नाहीत. पाकिटाच्या आकारासाठी मूळ रचनेत अवघे ३ बिट उरतात. उत्तर वाटेत हरवलं, तर ते पुन्हा धाडायचं भानही सर्व्हरला राहत नाही.

तरी युक्ती टिकली. १९९७ मध्ये ती लिनक्समध्ये आली आणि आज तिथे ती मुळातच चालू असते. मात्र रांग भरत नाही तोवर लिनक्सचा सर्व्हर तिला हात लावत नाही. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवून तो जुन्याच रीतीने वाट पाहतो.